सरांचं मुकं नाटक

आमच्या सरांना बोलण्याचा मनापासून तिटकारा होता. हे ते एका बैठकीत दीड तास बोलून पटवून देत.

"शब्द हा रोग आहे," अशी त्यांची सुरुवात असायची आणि समोरच्याला लागण झाल्याशिवाय ते थांबत नसत. अंबडच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवायचे, मी इतिहास. म्हणजे दोघंही अशा गोष्टी शिकवायचो ज्यांच्यावाचून तालुक्यात कुणाचं अडत नव्हतं. फरक इतकाच, की मी ते काम मान खाली घालून करायचो आणि सर दोन्ही हात पसरून. 'सर' तसे आम्ही सगळेच होतो. पण नुसतं 'सर' म्हटलं, की कोण ते चहावाल्यालाही कळायचं. प्राचार्यसुद्धा त्यांना सरच म्हणत, फक्त दात आवळून.

तरुणपणी ते पुण्याला कसल्याशा नाट्यशिबिराला गेल्ते. तिथं त्यांना पहिले आठ दिवस झाड केलं, पुढचे आठ दिवस नदी. शिबिर संपलं, सर अंबडला परत आले, पण पुरते माणसात काही आले नाहीत. तेव्हापासून नाटक म्हणजे शरीर, हा त्यांचा धर्म. खुर्चीवर बसायचं झालं तरी ते आधी खुर्चीकडे बघत, श्वास सोडत, मग टप्प्याटप्प्यानं बसत. बॅंकेत त्यांच्या मागं उभं राहायचं लोक टाळायचे.

एका मे महिन्यात त्यांनी जमिनीशी नातं जोडायचं ठरवलं आणि चपला सोडल्या. जालना रोडवरच्या डांबराशी ते नातं दुपारपर्यंत टिकलं. मग फोन आला, "जरा गाडी घेऊन या." मी गेलो तर सर एका टपरीच्या सावलीत दोन्ही पाय बर्फाच्या घमेल्यात ठेवून बसल्ते. गाडीवर मागं बसून घरापर्यंत मला सांगत राह्यले, की शहरी माणसाचे तळवे कसे खोटे झाले आहेत.

अकरावीच्या वर्गात कविता शिकवताना त्यांनी पोरांना म्हशी व्हायला सांगितलं. नेमके त्याच तासाला प्राचार्य फेरीवर आले. दारातून बघतात तर अख्खा वर्ग हातापायांवर रवंथ करून राह्यला. सर मध्ये उभे, डोळे मिटलेले. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "हे कोणत्या धड्यात आहे?" मी म्हटलं, "साहेब, मी इतिहासाचा." त्या वर्षी इंग्रजीचा निकाल लागला तो बघून प्राचार्य म्हणाले, "म्हशी निदान दूध देतात."

सरांनी व्हॉट्सअपवर नाटकवाल्यांचा एक ग्रुप काढल्ता. त्याचं नाव 'शरीर'. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, नवऱ्याच्या मोबाइलवर पहाटे पाच वाजता 'शरीर: सगळे या, सैल कपड्यात' असा निरोप वाचला. त्यानंतर त्या घरात काय झालं ते सरांनी कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव 'नाट्यसाधना' झालं आणि वहिनी त्यात अॅडमिन होत्या. त्या बालवाडी चालवायच्या. घरी आल्यावरही तेच काम, असं त्या हसत सांगत.

तर अशा माणसानं एक दिवस जाहीर केलं, की आपण त्या जगप्रसिद्ध इंग्रज नाटककाराचं नाटक करायचं. त्या नाटककाराचं नाव आमच्याकडं दहा माणसं दहा प्रकारे घेतात, म्हणून मी घेतच नाही. नाटक मात्र सोपं होतं. एक म्हातारा राजा आपलं राज्य तीन मुलींना वाटून देतो. ज्या गोड बोलतात त्या दोघींना सगळं देतो, जी खरं बोलते त्या धाकटीला हाकलतो. मग गोड बोलणाऱ्या दोघी त्याला घराबाहेर काढतात आणि तो वादळात वेडा होऊन फिरतो.

"चारशे वर्षं ह्या नाटकाला शब्दांनी गुदमरवलंय," सर म्हणाले. "आपण ते मोकळं करणार. एकही शब्द न्हाई. फक्त शरीर आणि आपली लोककला. गोंधळ, भारूड, पोतराज, वासुदेव, सगळं येणार."

मी म्हटलं, "सर, ज्या नाटककाराला जग त्याच्या शब्दांसाठी ओळखतं, त्याचे शब्दच काढायचे म्हणजे मंग उरलं काय?"

"तेच तर बघायचंय," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक होती, की मी वाद सोडला.

तालमी जालना रोडवरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सुरू झाल्या. एक नर्सबाई, दोन शिक्षक, पंचायत समितीतले एक बाबू, काही दुकानदार, आणि संबळ वाजवायला एक खरे गोंधळी काका. काकांना वाटलं होतं लग्नाचं काम आहे. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना एक तास नुसतं जमिनीवर पडायला लावलं. काका माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, ह्यांच्यात कोण गेलंय?"

तिथंच ती गोष्ट घडली, जिच्यामुळं मी सरांना आजही पुरतं हसू शकत नाही.

वादळाचा प्रवेश ठरवत होतो. सर मला म्हणाले, "वादळ तुम्ही. पोतराज. कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, हातात आसूड. तो आसूड अंगावर कडाडला, की वीज. तुम्हाला शिकवायची गरज न्हाई. तुमच्या रक्तात आहे ते."

शेडमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं घर बौद्ध आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही. म्हणूनच तर ते बोलले होते, आणि बोलताना त्यांना वाटत होतं की आपण माझा गौरव करून राह्यलो.

मी म्हटलं, "सर, माझ्या रक्तात साखर आहे. गेल्या महिन्यातच तपासलं. आसूड न्हाई निघाला."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "माझा तसा अर्थ नव्हता. ही केवढी मोठी कला..."

मग मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं, की माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पोतराज होते. छप्पन साली दीक्षा घेतली त्या आठवड्यात त्यांनी वाढवलेले केस कापले आणि घागरा स्वतःच्या हातानं चुलीत घातला. मी लहान असताना आंघोळीच्या वेळी ते मला पाठ चोळायला बसवत. त्या पाठीवर वळ होते, आडवे-तिडवे, बोटाला लागायचे. ही लोककला आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"ज्या गोष्टीतून आमचा म्हातारा एवढ्या कष्टानं बाहेर आला, तिच्यात मी हौसेनं परत जायचं, आणि समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. जमणार न्हाई, सर."

सरांनी वही मिटली, तीही भाषण न करता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तालीम तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर खुर्चीवर ताठ बसल्ते. पाठ टेकवत नव्हते. मला वाटलं नवीन काहीतरी साधना असेल. संध्याकाळी वहिनी भेटल्या, म्हणाल्या, "काय सांगितलं हो काल तुम्ही ह्यांना? गच्चीवर गेल्ते बैलाचा आसूड घेऊन. सोताला मारून बघून राह्यले. मी म्हणलं, हौस असल तर खाली या, मी मारते."

सरांनी माझी माफी मागितली नाही. शब्दांच्या रोगाचं पथ्य त्यांनी सगळ्यात कडक पाळलं ते माफीच्या बाबतीत. पण त्या दिवशी शेडमध्ये आल्यावर त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि म्हणाले, "पोतराज काढला. वादळ घोंगड्यांचं करू." मग माझ्याकडं वळून, "आणि राजा तुम्ही."

"मी का?"

"तुम्ही न्हाई म्हणलात तेव्हा सगळी शेड तुमच्याकडं बघून राह्यली. मला तेच पाहिजे."

अशा रीतीनं आमच्या घराण्याला राज्य मिळालं. एवढ्या पिढ्यांनी मिळालं आणि तेही पहिल्याच प्रवेशात वाटून टाकायचं होतं.

माझं सिंहासन माणसांचं होतं. चार जण गुडघ्यांवर वाकायचे, मी त्यांच्यावर बसायचो. सिंहासन अधूनमधून कण्हायचं. बाबूंना कमरेचा त्रास असल्यानं राज्याचा एक कोपरा कायम खचलेला असे. राज्याची वाटणी म्हणजे माझं लांबलचक पागोटं. थोरली एक टोक धरायची, मधली दुसरं, आणि मी गरगर फिरत उलगडत जायचो. शेवटी बोडका, चक्कर आलेला राजा जमिनीवर. ही कल्पना सरांची, आणि खरं सांगतो, ती झकास होती. वेड्या माणसाला एवढं बरोबर सुचतं, तेव्हाच पंचाईत होते. त्याला पुरतं वेडं म्हणता येत नाही.

थोरली मुलगी नर्सबाई करणार होत्या, पण त्यांची बदली झाली. दुसरी कुणी बाई मिळेना. मग वहिनी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "मला एक वाक्य तरी द्या." सर म्हणाले, "एक शब्दसुद्धा न्हाई." वहिनी म्हणाल्या, "घरी तरी कुठं देता."

सरांनी हेच नाटक का निवडलं, ते मला उशिरा कळलं. त्यांचे वडील, आबा, राजूरजवळच्या खेड्यात मोठे जमीनवाले. जमीन त्यांनी तिन्ही मुलांना वेळीच वाटून दिली होती. मग मुलांनी आबांना वाटून घेतलं. एक महिना थोरल्याकडं गावात, एक मधल्याकडं जालन्यात मस्तगडला, एक सरांकडं अंबडला. महिना संपला, की आबा आपली पिशवी घेऊन एसटी स्टॅंडवर. "माझ्या भावांना ह्या नाटकातून आरसा दाखवायचाय," सर मला दबक्या आवाजात म्हणाले. आरसा सर नेहमी समोरच्याकडं तोंड करूनच धरत. कारण अंबडच्या महिन्यात आबा सकाळपासून ओट्यावर बसलेले असायचे आणि सर सकाळपासून शेडमध्ये. बाहेरून आले, की "जेवले का?" एवढं विचारून आत. माणसाचं शरीर कसं बोलतं ह्यावर तासन् तास बोलणारा माणूस बापाशेजारी पाच मिनिटं टेकल्याचं मी कधी पाहिलं नाही. आबांना पाणी, गोळ्या, चष्मा, सगळं वहिनी बघायच्या.

पहिला प्रयोग राजूरला ठरला, चतुर्थीच्या दिवशी. गणपतीला गर्दी लोटते, ती संध्याकाळी परत जाताना थांबेल, असा हिशोब. देवळापासून थोड्या अंतरावर एका मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या. उन्हं उतरल्यावर संबळ सुरू झाला आणि लोक खरंच थांबले. फुगे घेतलेली पोरं, प्रसादाच्या पिशव्या घेतलेल्या बाया. पुढच्या रांगेत सरांचे थोरले भाऊ आबांना घेऊन बसले. सर पडद्याआडून बघून म्हणाले, "आले. आता बघा."

सुरुवात बरी झाली. सिंहासन कण्हलं, लोक हसले. पागोटं उलगडायला लागलं तशी शांतता पसरली. जमिनीची वाटणी आमच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. एक जण शेजाऱ्याला विचारत होता, "सातबारा केला का नावावर, का नुसतं तोंडी?"

मग थोरलीच्या घरचा प्रवेश. राजा आपला शंभर माणसांचा लवाजमा घेऊन लेकीकडं राहायला येतो. आमचे अर्धे नट उकिडवे बसून भाकरी खात राहतात, खातच राहतात. थोरली थापून थापून थकते. मग ती सूप उचलते आणि धान्यातला खडा पाखडावा तसा बापाला घराबाहेर पाखडते. मी उडी मारत बाहेर जायचं, की वादळ.

वहिनींनी सूप उचललं. मी उडीच्या तयारीत. वहिनींची नजर माझ्या खांद्यावरून पुढं गेली. तिथं आबा मांडी घालून बसल्ते, काठी मांडीवर आडवी, मान पुढं काढून बघत.

सूप खाली आलं.

"आबा," वहिनी म्हणाल्या. मुक्या नाटकात तो आवाज केवढा मोठा वाटला. "ह्या शंभर जणांच्या भाकरी मी थापायची न्हाई. माझी कंबर मोडली. त्यांना जाऊ द्या. तुम्ही एकटे ऱ्हावा. जन्मभर ऱ्हावा. महिना मोजायचा न्हाई."

मग पुढच्या रांगेतून आबांचा खणखणीत आवाज आला, "बराबर हाय!"

आणि टाळ्या. बाया तर अशा वाजवून राह्यल्या, की फुगे घेतलेली पोरं दचकली. सरांचे थोरले भाऊ सतरंजीचा धागा उपसत बसले.

आता माझी पंचाईत बघा. माझ्या मागं वादळ तयार. घोंगड्या उगारून बाकीचे नट उभे, काकांचा हात संबळावर थांबलेला. आणि मला घर सोडायला कारणच उरलं नव्हतं. लेक म्हणते, राहा. पडद्याआड सर दोन्ही हातांनी वादळ करून राह्यले, म्हणजे बाहेर पडा, बाहेर पडा. मी काय करणार? राजाच तो. मी छाती काढली, नाक वर केलं, माझ्या शंभर भाकरखाऊंकडं हात केला आणि लेकीकडं पाठ फिरवून चालू लागलो.

"जाऊ द्या हो ताई," मागून कुणी ओरडलं, "मस्ती हाय म्हाताऱ्याला!"

काकांनी संबळावर हात मारला आणि घोंगड्या माझ्यावर तुटून पडल्या. तालमीत इतकं वादळ कधी झालं नव्हतं. लोकरीचा मार पाठीवर बसत होता, डोकं बोडकं, डोळ्यांत धूळ. एकट्या माणसाला परत फिरता येत होतं, राजाला येत नव्हतं, एवढं मला त्या मारात कळलं. लोक आधी हसत होते. मग हळूहळू थांबले.

प्रयोग संपल्यावर पडद्यामागं सर वहिनींवर तुटून पडले. "चारशे वर्षांचं नाटक मारलंस तू! त्या बाईनं बापाला हाकलायचं असतं! शोकांतिका आहे ती!"

वहिनी केसातली पिन काढत होत्या. "मला न्हाई हाकलता आलं. तुम्हाला येत असल तर तुम्ही करा थोरली."

तेवढ्यात काठी टेकत आबा आले. आधी माझ्याकडं वळले. "कोण गावचे? कोणाचे तुम्ही?"

हा प्रश्न आमच्याकडं पत्त्यासाठी विचारत नाहीत. मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, वस्तीही सांगितली. आबांनी काठी रोवून मला नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "पागोटं शोभत व्हतं. पण वाटायची लई घाई केली तुम्ही, राजेसाहेब." आणि सरांकडं वळून, "तुझा राजा हेकट हाय. एवढी माणसं घेऊन कुणी पोरीच्या दारात जातं का? सून बराबर बोलली."

"आबा, ती सून नव्हती," सर चिडून म्हणाले. "मुलगी होती."

"मला तर सूनच दिसली," आबा म्हणाले.

थोरले भाऊ मोटारसायकल चालू करून वाट बघत होते. आबांचा गावातला महिना अजून निम्मा शिल्लक होता. आबा मोटारसायकलकडं गेलेच नाहीत. आमच्या टेम्पोचं पुढचं दार उघडून वहिनींच्या शेजारी बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अंबड." सर टेम्पोच्या मागं, घोंगड्यांच्या ढिगावर, आमच्यात. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. नट मंडळी मला खुणेनं विचारत होती, आजारी आहेत का.

लोक म्हणतात, ह्या नाटकानं सर बदलले. छे. पुढच्या वर्षी त्यांनी पोरांना पाऊस व्हायला लावलं आणि दोघांचे गुडघे फोडले. निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांनी भाषणाविरुद्ध तासभर भाषण केलं. नाटकाचे पुढं आणखी प्रयोग झाले, जालन्याला एका स्पर्धेतही झाला. वहिनींचं ते वाक्य त्यांनी नाटकात ठेवलं, पण 'दिग्दर्शकाची योजना' म्हणून. एका परीक्षकानं त्या योजनेची स्तुती केली, तेव्हा सरांनी मान तुकवून ती स्वीकारली. वहिनी शेजारीच होत्या.

राजूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सर कॉलेजला आले नाहीत. फोन बंद. प्राचार्यांनी मला पाठवलं, "बघा, पुन्हा झाड तर नाही ना झाले."

दार उघडंच होतं. आत अंगणात आबा खुर्चीवर, एक पाय परातीतल्या कोमट पाण्यात, दुसरा सरांच्या मांडीवर. सर फरशीवर बसून, नाकावर चष्मा ओढून, बापाची वाढलेली नखं काढून राह्यले. मी दारात उभा आहे हे दोघांनाही कळलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी होत्या. त्यांनी मला बघितलं आणि बोट ओठावर ठेवलं.

"आरं, हळू!" आबा ओरडले. "अंगठा हाय माझा, नाटक न्हाई तुझं."

"हलू नका मंग," सर म्हणाले आणि पुढचं नख धरलं.